‘डिकीत 12 इंची ठोका’ हा सल्ला मियाटाला का लागू पडत नाही

माझदा एमएक्स-5, म्हणजेच मियाटा, ही उघडणाऱ्या छताची दोन सीटची छोटी गाडी घेणाऱ्याला म्युझिक सिस्टिमबद्दल एक सल्ला हमखास मिळतो आणि तो जसाच्या तसा पुढे पाठवला जातो: “सीटखालचे चपटे पॉवर्ड सबवूफर म्हणजे खेळणी. 8 इंचांतून बास येत नाही, डिकीत 12 इंची बसवा. चपटाच घ्यायचा तर 1000 वॅट लिहिलेला घ्या, सप्लाय सिगारेट लायटरमधून काढा, बास बूस्ट पूर्ण फिरवा, बॅटरी उतरू नये म्हणून कपॅसिटर लावा आणि शिटीसारखा आवाज आला तर फिल्टर घाला.” (पॉवर्ड सबवूफर म्हणजे आतच अँप्लिफायर, म्हणजे अँप, असलेला बासचा स्पीकर.) भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेलेली नाही. पण ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांत ती असते, आणि हा सल्ला ऐकून केलेलं वायरिंग धोक्याचं ठरू शकतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“8 इंचांतून बास येत नाही.” मोठ्या खोलीत हे बरंचसं खरं आहे, बंद दोन सीटच्या केबिनमध्ये नाही. ज्या आवाजाची अर्धी तरंगलांबी केबिनच्या लांबीपेक्षा मोठी असते, तो केबिनमधल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वरखाली करतो. एवढ्या छोट्या केबिनमध्ये ही मर्यादा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास येते. तिच्याखाली दर सप्तकाला 12 डेसिबलपर्यंत वाढ तत्त्वतः मिळते. कापडी छत आणि दारांच्या फटींमुळे प्रत्यक्षात ती कमी भरते, तरी ऐकू येण्याइतकी असतेच. खालच्या सुरांकडे जाताना बंद डब्यातल्या सबवूफरचा आवाज जेवढा पडतो, त्यातला मोठा भाग केबिन भरून काढते. छत उघडलं की मात्र ही मदत संपते आणि वाऱ्याचा गोंगाट वाढतो. त्या अवस्थेत चपट्या डब्याकडून जमीन हलवण्याची अपेक्षा ठेवू नये. गाण्यातला तबला आणि बेस गिटार भरीव वाटावेत, एवढं तो करतो.

12 इंचीचा पडदा क्षेत्रफळाने सव्वादोन पट असतो, तो जास्त हवा हलवतो, हे मान्य. पण बसवणार कुठे? नव्या एनडी पिढीची डिकी 130 लिटरची आहे. 12 इंचीच्या बंद डब्याला आतून सुमारे 28 ते 30 लिटर जागा लागते. लाकडाची जाडी आणि अँप धरला की डिकीचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. शिवाय या गाडीत डिकी आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत आहे. हॅचबॅकमध्ये बास मागून थेट पुढे येतो, इथे बराचसा डिकीतच कोंडला जातो आणि नंबरप्लेट खडखडते. हलकेपणासाठी घेतलेल्या गाडीच्या मागच्या टोकाला 15-20 किलो लादायचे, तेही आवाज बाहेरच्यांना ऐकवण्यासाठी, यात काही अर्थ नाही.

“1000 वॅट लिहिलेला घ्या.” खोक्यावरचा आकडा सोडा, फ्यूज बघा. 15 अँपिअरचा फ्यूज असेल तर 13.8 व्होल्टवर आत जाणारी शक्ती जेमतेम 207 वॅट. डी वर्गाच्या अँपची कार्यक्षमता 75-80 टक्के धरली तर बाहेर 155-165 वॅटच येणार. पायोनियरच्या टीएस-डब्ल्यूएक्स130 वर ‘160 वॅट’ ही कमाल शक्ती ठळक असते, पण त्याची नॉमिनल, म्हणजे सतत देता येणारी, शक्ती 50 वॅट आहे. कंपनी दोन्ही आकडे देते. दुसरा आकडाच न देणाऱ्या डब्यापासून लांब राहावं. आणि शक्ती दुप्पट झाली तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो.

जागेबद्दल सल्ल्यात ‘सीटखाली’ एवढंच आहे, आणि खरी अडचण तिथेच येते. मियाटाच्या सीट इतक्या खाली आहेत की 70 मिलिमीटर उंचीचा डबाही अनेकदा मावत नाही, किंवा सीट मागेपुढे करताना रुळात अडकतो. काही बाजारपेठांतल्या गाड्यांत प्रवाशाच्या सीटमध्ये एअरबॅगसाठी वजनाचा सेन्सर असतो. डबा खालून सीटला टेकला तर तो सेन्सर चुकीचं वाचू शकतो. त्यापेक्षा प्रवाशाच्या पायाशी, पुढच्या भिंतीला लागून असलेला कोपरा चांगला. कोपऱ्यात बासला जोरही मिळतो. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका. काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटं थांबा. सीटांच्या मागच्या पत्र्याआड पेट्रोलची टाकी आहे, तिथे ड्रिल अजिबात नको. फ्लोअरमध्ये भोक पाडण्याआधी खाली वाकून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या कुठून जातात ते बघा. डबा धरून ठेवणारी पट्टी शक्यतो मूळ बोल्टांनाच बांधा. नुसत्या वेल्क्रोवर ठेवलेला डबा अपघातात पायांवर येतो.

आणखी एक गोष्ट फक्त रोडस्टरवाल्यांसाठी, म्हणजे कापडी छताच्या गाडीवाल्यांसाठी. छताचं पाणी सीटांच्या मागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं. त्या पानांनी तुंबल्या की पाणी आत येऊन कार्पेटखाली साचतं. आधी नळ्या साफ करा, मग डबा 10 मिलिमीटरच्या रबरी पॅडवर उचलून बसवा.

“सप्लाय लायटरमधून.” हा सगळ्यात वाईट भाग. लायटरचा फ्यूज सहसा 10 ते 15 अँपिअरचा असतो, वायर बारीक, आणि आतला स्प्रिंगचा संपर्क सतत प्रवाहासाठी बनवलेलाच नसतो. 1 चौरस मिलिमीटरच्या 5 मीटर तांब्याच्या वायरीत 10 अँपिअरला साधारण 0.9 व्होल्ट पडतो. 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीत 15 अँपिअरलाही 0.35 व्होल्टच्या आतबाहेर. मग फ्यूज उडायला लागला की लोक मोठा फ्यूज घालतात. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की पुढच्या वेळी डॅशबोर्डमागची वायर जळते.

बरोबर पद्धत अशी. थेट बॅटरीपासून 4 चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर आणा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त असते, पण तेवढाच प्रवाह न्यायला तिच्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण दीडपट लागतं. बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज, डब्याच्या माहितीपत्रकात दिला असेल तेवढ्याच अँपिअरचा. एनए आणि एनबी या पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरी डिकीत उजव्या बाजूला आहे, एनसी आणि एनडी या पुढच्या दोन पिढ्यांत बॉनेटखाली. बॉनेटकडून येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून लावायचं कडं, हवंच. अर्थची वायर, म्हणजे डब्याचं ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडणारी, 45 सेंटिमीटरपेक्षा लांब नको. बॉडीच्या मूळ अर्थ पॉइंटवर पॉलिश पेपरने रंग घासून थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, घट्ट आवळा. सीटचा बोल्ट यासाठी वापरू नका. जोराचं गाणं लावून डब्याच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋणापर्यंत मीटर लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा आहे.

“बास बूस्ट पूर्ण.” 6 डेसिबल बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात चौपट शक्ती मागणं. 50 वॅटचा अँप ती देऊ शकत नाही, तो तरंगांची टोकं कापतो, आणि बास म्हणून फाटका आवाज येतो. बूस्ट शून्यावर ठेवा. लो-पास, म्हणजे फक्त खालचे सूर सोडणारी सेटिंग, 80 हर्ट्झवर. हेड युनिटमध्ये, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिममध्ये, सोय असेल तर दारांच्या स्पीकरना 80 ते 100 हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारी सेटिंग) लावा, दारंही कमी थरथरतील. हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांश ठेवून डब्यावरचा गेन (अँपची संवेदनशीलता ठरवणारी कळ) हळूहळू वाढवा. फाटायला लागला की थोडा मागे घ्या. मग 70 हर्ट्झचा सलग सूर लावा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून डब्यावरचं फेजचं बटण 0 आणि 180 दोन्हीवर ठेवून ऐका. ज्यात जोर जास्त, तोच ठेवा. हे दोन मिनिटांचं काम बहुतेक जण करतच नाहीत, आणि मग ‘छोटा सबवूफर फुसका’ म्हणतात.

सिग्नल स्पीकरच्या वायरींतून घेत असाल तर दारांच्या घ्या. काही मियाटांत सीटच्या हेडरेस्टमध्येही स्पीकर असतात, तिथे बास फारसा नसतो.

“कपॅसिटर लावा.” कपॅसिटर क्षणभरापुरती वीज साठवतो, त्याची इथे गरज नाही. गाण्यात सतत कमाल शक्ती लागत नाही. अशा डब्याचा सरासरी प्रवाह काही अँपिअरच असतो. 55 वॅटचे दोन हॅलोजन हेडलाइट त्यापेक्षा जास्त, सुमारे 8 ते 9 अँपिअर घेतात. बॅटरी उतरते ती रिमोट वायर, म्हणजे डब्याला चालू-बंद करणारी वायर, कायम चालू असलेल्या सप्लायला जोडल्यामुळे. ती हेड युनिटच्या निळ्या-पांढऱ्या वायरीला जोडा, नसेल तर चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजमधून घ्या. नंतर गाडी बंद करून, दारं लावून, थोड्या वेळाने बॅटरीचा प्रवाह मोजा. 50 मिलिअँपिअरच्या खाली असला की काम झालं.

राहिला फिल्टर. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिटी शेकडो ते हजारो हर्ट्झची असते. 80 हर्ट्झवर कापलेला सबवूफर ती वाजवूच शकत नाही, ती दारांच्या स्पीकरमधून येते. सबवूफरची सिग्नल केबल काढून बघा. शिटी थांबली तर दोन अर्थ पॉइंटमध्ये फरक आहे: डब्याचा अर्थ पुन्हा घासा, सिग्नल केबल गाडीच्या एका बाजूने आणि सप्लायची वायर दुसऱ्या बाजूने न्या. थांबली नाही, तर दोष हेड युनिटच्या अर्थमध्ये किंवा सप्लायमध्ये शोधा.