आमची हिलरी आणि आयडाहोचे बटाटे

अमेरिकेची निवडणूक म्हणजे डेमोक्रॅट विरुद्ध रिपब्लिकन असं भारतात बसलेल्या लोकांना वाटतं. ती नोव्हेंबरमधली एका दिवसाची गोष्ट झाली, ती उरकून जाते. खरी मारामारी त्याच्या आधी चालते, महिनोन् महिने, एकाच पार्टीतल्या लोकांची एकमेकांशी, पार्टीचा उमेदवार कोण हे ठरवायला, तिला प्रायमरी म्हणतात. आणि २००८ साली डेमोक्रॅट लोकांची जी प्रायमरी झाली ती जगाच्या मते हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात झाली, प्रत्यक्षात ती न्यू जर्सीत एडिसनच्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये मी आणि माझा नवरा यांच्यात झाली. मी हिलरीची. अजूनही आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर हे जरूर वाचावं, तेवढंच पाप धुतलं जाईल.

आधी परिस्थिती सांगते. मी तेव्हा एच-फोरवर होते. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट. नोकरी करायची परवानगी नाही. मत तर नाहीच, ते नवऱ्यालाही नव्हतं. एखाद्या उमेदवाराला प्रेमाने दहा डॉलर द्यावेत म्हटलं तर तेही नाही, ग्रीन कार्ड नसलेल्याने निवडणुकीला पैसे दिले तर तो गुन्हा. मग माणसाने करायचं काय? बाहेर बर्फ, घरात केबल टीव्ही, आणि सीएनएनवर तो जॉन किंग त्या भल्यामोठ्या टचस्क्रीनवर बोटांनी काउंट्या मोठ्या करून दाखवतोय. मी दिवसभर ते बघायचे. मला पुणे जिल्ह्यातले सगळे तालुके धड सांगता येणार नाहीत पण ओहायोत कुयाहोगा काउंटी कुठे आहे ते मी झोपेत सांगेन.

नवरा ऑफिसातल्या पोरांबरोबर कारपूलने जायचा, आणि तिथेच त्याला ओबामा झाला. कारपूलमधे सगळेच ओबामाचे, एक पंजाबी सोडून. तो पंजाबी आमच्या बाजूचा होता, कारण २००७ मध्ये ओबामाच्या कॅम्पेनवाल्यांनी पत्रकारांना एक कागद गुपचूप पुरवला होता, त्यात हिलरीचे भारतीय लोकांशी कसे संबंध आहेत वगैरे लिहून तिच्या नावापुढे, जिथे पार्टी आणि राज्य लिहितात तिथे, 'डेमोक्रॅट, पंजाब' असं छापलं होतं. नंतर ओबामाने मूर्खपणा झाला म्हणून कबूल केलं, पण आमच्या पंजाब्याला त्यात अपमान दिसलाच नाही, तो म्हणाला बरोबरच आहे, बाई आमच्याच गावची. मी मात्र तो कागद डोक्यात जपून ठेवला आणि घरात 'होप' हा ओबामाचा लाडका शब्द निघाला रे निघाला की काढायचे. तुझा साधुपुरुष आपल्या लोकांबद्दल काय छापतो बघ. नवरा म्हणायचा त्याने नाही छापलं, स्टाफने छापलं. हे यांचं नेहमीचं. चांगलं झालं तर बराक, वाईट झालं तर स्टाफ.

आता काका. खालच्या मजल्यावर एक मराठी काका-काकू राहायचे, ऐंशीच्या दशकात आलेले, आमच्या सगळ्या पॉटलक कंपूत अमेरिकन पासपोर्ट असलेले एवढेच दोघं, आणि काकू कधी मत द्यायला जायच्या नाहीत, तिथे ज्युरी ड्यूटीला पकडतात असं त्यांचं ठाम मत. म्हणजे आमच्या सगळ्यांच्या मिळून जगात मत एक. काकांचं. तेव्हा दिवाळीपासून मी काकांवर काम सुरू केलं. थालीपीठ झालं की एक खाली. साबुदाण्याची खिचडी झाली की वाटीभर खाली. आणि वाटी देताना सहज, अगदी सहज, हेल्थकेअरचा विषय. नवराही गप्प नव्हता, तो काकांचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला जायचा आणि येताना ओबामाचं एखादं भाषण लावून यायचा. काका दोघांचंही ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "मुद्दा आहे तुझा." हे वाक्य काका दोघांनाही म्हणतात हे कळायला वेळ लागला.

जानेवारीत आयोवा. तेव्हा तिथे साधं मतदानही नव्हतं, कॉकस असायचा. संध्याकाळी लोक शाळेच्या हॉलमध्ये जमायचे, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे, ज्याच्याकडे पंधरा टक्केही जमले नाहीत त्याची माणसं बाकीच्यांनी ओढायची. आमच्या पुण्याच्या सोसायटीची जनरल बॉडी अशीच चालते, ज्याला रात्री दहापर्यंत बसायला वेळ आहे तो जिंकतो. नर्सची रात्रपाळी असेल, कुणाचं पोर लहान असेल, ते गेले उडत. आणि अशी कामावर जाणारी, दमलेली माणसं कुणाची? आमची. हिलरी तिसरी आली, त्या जॉन एडवर्ड्सच्याही मागे, ज्याच्या केस कापण्याचं बिल ४०० डॉलर झालं होतं! नवऱ्याने त्या रात्री शिट्टी वाजवत भांडी घासली. एरवी कधी घासत नाही.

पण पाच दिवसांत न्यू हॅम्पशायर. सगळे पोलवाले सांगत होते ओबामा येणार, टीव्हीवर आमच्या बाईचे मृत्युलेख तयार. आणि आदल्या दिवशी पोर्ट्समथच्या एका कॅफेत कुणीतरी तिला विचारलं तुम्ही हे सगळं कसं निभावता, आणि बाईंचा आवाज जरासा भरून आला. जरासा! त्यावर चॅनेलवाल्यांनी दिवसभर चर्चा केली की हे अश्रू खरे की खोटे. इथे रोज संध्याकाळी कणीक मळताना माझा आवाज भरून येतो, त्यावर कधी पॅनेल बसलं नाही. दुसऱ्या दिवशी हिलरी जिंकली. मी शिरा केला. काकांना दोन वाट्या.

मग आला ५ फेब्रुवारी, सुपर ट्यूज्डे, वीसहून जास्त राज्यं एकदम आणि त्यात आमचं न्यू जर्सी. सकाळी काका कोट घालून निघाले तर आम्ही दोघं जिन्यात उभे. एका पायरीवर मी, एका पायरीवर नवरा. काका गेले, तासाभराने आले, बुटांवरचा चिखल झटकला. मी विचारलं, काका, दिलं ना? हो म्हणाले, मस्त, रांगच नव्हती. नवरा म्हणाला कुणाला ते विचारत नाही, पण कुणाला? काका म्हणाले, "मकेनला."

कुणाला??

मकेन म्हणजे रिपब्लिकन लोकांचा उमेदवार, आणि काका रेगनच्या काळापासून रजिस्टर्ड रिपब्लिकन. आणि न्यू जर्सीत रिपब्लिकन म्हणून नोंद असेल तर डेमोक्रॅटच्या प्रायमरीत मत देताच येत नाही. म्हणजे सगळा हिवाळाभर आम्ही ज्या मतासाठी एकमेकांचे गळे धरले ते मत आमच्या भांडणात अस्तित्वातच नव्हतं. मी म्हटलं काका, अहो सांगायचं तरी. तर म्हणाले, "तुम्ही दोघं इतकं छान बोलत होता, मधे कशाला बोला." आणि थालीपिठाचा डबा परत दिला, रिकामा.

असो. काकांशिवायही न्यू जर्सी आम्ही जिंकली, ५४ टक्के! अकरा लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं. मी नाचायच्या बेतात होते तेवढ्यात नवरा लॅपटॉप घेऊन आला आणि त्याने मला आयडाहो दाखवलं. आयडाहोत कॉकस, आले किती लोक तर एकवीस हजाराच्या आसपास, आपल्याकडे एका बऱ्या कीर्तन महोत्सवाला येतील एवढे, आणि त्यातले ऐंशी टक्के ओबामाचे. आता डेमोक्रॅट लोकांचा हिशोब असा की डेलिगेट, म्हणजे शेवटी उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटतात, जिंकेल तो सगळं नेईल असं नाही. त्यामुळे अख्ख्या न्यू जर्सीतून हिलरीला ओबामापेक्षा जास्त मिळाले ११ डेलिगेट, आणि त्या आयडाहोतून ओबामाला हिलरीपेक्षा जास्त मिळाले १२. परत वाचा. अकरा लाख माणसांचे अकरा, एकवीस हजारांचे बारा. मी हे तेव्हा कागदावर मांडून बघितलं, मग कॅल्क्युलेटरवर, मग इंजिनीअर नवऱ्याकडून तपासून घेतलं, तो म्हणाला नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होते, ओबामाच्या लोकांनी वाचले, तुमच्या लोकांनी वाचले नाहीत. एवढं बरोबर बोलायची काही गरज नसते.

आयडाहोच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर लिहिलेलं असतं की आमचे बटाटे प्रसिद्ध आहेत. त्या आठवड्यापासून आमच्या घरात आयडाहोचा बटाटा बंद. ओक ट्री रोडच्या दुकानात मी पोत्यावरचं राज्य वाचून बटाटे घ्यायला लागले, मेन राज्याचे मिळाले तर ठीक नाहीतर रताळी. (मेनसुद्धा त्याच आठवड्यात ओबामाकडे गेलं, पण असे सगळेच बटाटे सोडले असते तर उपासाला काय केलं असतं.)

पुढचा फेब्रुवारी मी सांगत नाही. ओबामा ओळीने अकरा ठिकाणी जिंकला, नवरा घरात उगाचच हळू आवाजात, समजुतीने बोलायला लागला, ते जास्त लागतं. पण महिन्याच्या शेवटी आमच्या बाईने ती जाहिरात काढली. रात्रीचे तीन वाजलेत, तुमची पोरं शांत झोपली आहेत, आणि व्हाइट हाउसमध्ये फोन वाजतोय, कुणी उचलावा असं तुम्हाला वाटतं? मला काटा आला अंगावर. वाटलं आता संपलं, आता ओबामा घरी. आणि झालं काय, त्या जाहिरातीत जी पोरगी झोपलेली दाखवली होती ते चित्रीकरण जुनं, विकत घेतलेलं, ती पोरगी एव्हाना मोठी झालेली आणि निघाली ओबामाची कार्यकर्ती! एवढ्या मोठ्या देशात झोपलेली पोरं काय कमी होती? तरी ओहायो जिंकली. टेक्सासही जिंकलं, म्हणजे दिवसा मतदान झालं ते जिंकलं, मग त्याच दिवशी रात्री तिथे परत कॉकस होता तो हरलो, आणि बेरीज केली तर डेलिगेट ओबामाला जास्त. एकाच राज्यात एकाच दिवशी दोनदा निवडणूक घेणाऱ्या लोकांशी काय बोलणार.

काका मात्र त्याच रात्री मोकळे झाले. त्यांच्या रिपब्लिकन पार्टीत बऱ्याच राज्यांत जिंकेल तो सगळे डेलिगेट नेतो, त्यामुळे ४ मार्चलाच मकेनचं ठरून गेलं. काका संध्याकाळी वर येऊन आमचं भिजत घोंगडं बघत बसायचे, चहा घ्यायचे आणि अधूनमधून म्हणायचे, "मुद्दा आहे तुझा."

वसंत ऋतूत दोन्ही उमेदवारांनी आम्ही कसे साधे गावरान आहोत हे दाखवायचं ठरवलं. ओबामा पेनसिल्व्हेनियात बोलिंग खेळायला गेला आणि टाय लावून ३७ पॉइंट काढले. सदतीस! आमच्या कंपूतली पोरं पहिल्यांदा खेळून याहून जास्त काढतात. मी त्याचा व्हिडिओ काकूंना, आईला, भांडी विसळत असताना नवऱ्याला, सगळ्यांना दाखवला. आमच्या बाईने इंडियानात बारमध्ये जाऊन व्हिस्कीचा शॉट मारला आणि वर बिअर. मी म्हटलं याला म्हणतात दम. आईने पुण्याहून फोनवर विचारलं, "हीच ना गं तुझी, चांगली घरंदाज वगैरे?"

त्याच सुमारास ते बोस्निया निघालं. १९९६ साली आपण तिथे उतरलो तेव्हा गोळ्या चालल्या होत्या, मान खाली घालून पळालो असं बाई सांगत होत्या, आणि चॅनेलवाल्यांनी जुनी फीत काढली तर विमानतळावर एक छोटी मुलगी तिला कविता म्हणून दाखवतेय. अगदीच शांतता. मी म्हटलं बाई दमली असेल. नशीब बघा, बिल क्लिंटननेही पुढे हेच सांगितलं, की रात्री अकरा वाजता दमलेली असताना बोलून गेली, साठीचे झालात की कळेल. यावर नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला, माझ्याकडे वळला आणि विचारलं, "अकरालाच दमते, मग तीनचा फोन कोण उचलणार?" मी त्याला त्या रात्री रताळ्याची भाजी वाढली. बिलला हिलरीने सांगितलं की हे माझं मला बघू दे. आमचं ऐकणारं कोणी नाही.

मे महिन्यात गुआममध्ये मतदान झालं. गुआम हे पॅसिफिकमधलं बेट, तिथल्या लोकांना नोव्हेंबरमध्ये अध्यक्षाला मत द्यायचा अधिकार नाही, पण उमेदवार निवडायचा आहे. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. ओबामा तिथे सात मतांनी जिंकला. सात! आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला मत आहे का तिथे?" नाही. "जावईबापूंना?" नाही. "मग भांडण कशावरून चाललंय?" आता हे आयएसडी कार्डवर समजावून सांगायचं म्हणजे कार्ड संपतं.

मग मिशिगनचं प्रकरण. तिथल्या लोकांनी नियम मोडून प्रायमरी लवकर घेतली, ओबामाने आपलं नाव मागे घेतलं, हिलरीने ठेवलं, आणि नाव नसलेल्या माणसाबरोबर लढून तिला ५५ टक्के पडले, चाळीसेक टक्के लोकांनी चक्क 'कुणीच नाही'वर खूण केली. ३१ मेला पार्टीची कमिटी वॉशिंग्टनच्या हॉटेलात बसली आणि तिने त्या 'कुणीच नाही'ची मतं उचलून ओबामाला दिली, वर आमचे चार डेलिगेट काढून तेही त्याला. तो सगळा शनिवार मी टीव्हीसमोर. माझ्या मते तो दरोडा होता. नवऱ्याच्या मते नावच नसलेल्या माणसाशी जिंकणं हा दरोडा होता. काकांच्या मते चहात आलं कमी होतं.

३ जूनला ओबामाने डेलिगेटांचा आकडा गाठला, ७ जूनला हिलरीने भाषण करून त्याला पाठिंबा दिला, मला म्हणाली असती तर मी थोडं ताणलं असतं. घरात तह झाला. नवरा आता उदार झाला होता, म्हणाला बघ, उपाध्यक्ष म्हणून हिलरीलाच घेतील. त्यांच्या कॅम्पेनने जाहीर केलं होतं की नाव सगळ्यात आधी आम्ही एसएमएसने कळवू, तर याने नंबर नोंदवून ठेवला आणि आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपायला लागला. हातातून सोडेना, इतिहास घडणार म्हणे.

२३ ऑगस्टला मध्यरात्र उलटून गेली आणि तो मेसेज आला. नाव जो बायडनचं. वेळ बघितली तर पहाटेचे तीन. ओबामाचा माणूस तोंड उघडं टाकून घोरत होता. फोन मी उचलला.