एप्रिलमधल्या विजयांना म्हणे काडीची किंमत नसते!

दरवर्षी एप्रिल संपत आला की अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांमधे तोच एक मेसेज फिरायला लागतो, फक्त टीमचं नाव बदललेलं असतं. मजकूर साधारण असा: 162 मॅचच्या सीझनमधे पहिल्या 25 मॅचना काडीची किंमत नाही, आत्ता जिंकताय ते पुढे तेवढंच हरून फिटणार, समोर सगळ्या लिंबूटिंबू टीम होत्या, 2023 चे पायरेट्स (पिट्सबर्गची टीम) आठवा, त्याच वर्षीचे 13-0 (13 विजय, 0 पराभव) वाले रेज (टँपा बेची टीम) आठवा, आशा धरणारे भाबडे असतात, गप बसा. आणि लोक माना डोलावत पुढे ढकलतात, कारण निराशावादी बोललं की माणूस आपोआप जाणकार वाटतो.

आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला, 25 मॅचना किंमत नाही. का बरं? एप्रिलमधला विजय अर्धा मोजतात का? सिएटल मरिनर्सच्या फॅन्सना विचारा. 2023 मधे 88 विजय, शेवटचं वाइल्ड कार्ड (आपली डिव्हिजन, म्हणजे गट, न जिंकलेल्या टीमला मिळणारी प्लेऑफची जागा) टोरंटोला 89 वर. 2024 मधे 85 विजय, आणि कॅन्सस सिटी आणि डेट्रॉइट 86 वर आत. सलग दोन वर्षं एका मॅचने घरी! ती एक मॅच सप्टेंबरमधेच गेली असं कोण छातीठोकपणे सांगेल, एप्रिलच्या थंडीत नवव्या इनिंगमधे घालवलेली एखादी पण असू शकते ना. आपल्याकडे मुंबई इंडियन्सचं 'पहिली मॅच देवाला' चालायचं, 2013 पासून 2025 पर्यंत दरवर्षी पहिली मॅच हरले आणि त्यातच पाच ट्रॉफ्या पण घेतल्या, त्यामुळे सुरुवातीला काही नसतं हे मराठी माणसाला लगेच पटतं. पण 2014 आठवा की. पहिल्या पाचच्या पाच हरले, आणि मग शेवटच्या लीग मॅचला वानखेडेवर राजस्थानचं 190 चं टार्गेट साडेचौदा ओव्हरमधे गाठायची वेळ आली. तेवढ्या ओव्हरमधे स्कोर नुसता बरोबरीत आला आणि पुढच्या बॉलला आदित्य तरेने सिक्स मारला म्हणून निभावलं. देवाला दिलेल्या मॅच देव परत करत नाही, पुढे त्याची भरपाई अशी करावी लागते.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त शेअर होतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे: जास्त जिंकलात म्हणजे आता जास्त हरणार, हिशोब बरोबर होणार. असा हिशोब ठेवणारं कोणी वर बसलेलं नाहीये. टीम आपल्या नेहमीच्या पातळीवर येते हे खरं, पण पातळीवर येणं वेगळं आणि मिळालेलं परत देणं वेगळं. 1984 चे डेट्रॉइट टायगर्स घ्या. पहिल्या 40 मॅचमधे 35-5, त्यात चौथ्याच मॅचला त्यांच्या जॅक मॉरिसचा नो-हिटर (समोरच्यांना अख्ख्या मॅचमधे एकही हिट नाही). पण पुढच्या 122 मॅचमधे त्यांचा रेकॉर्ड किती? 69-53. चांगला आहे पण धडकी भरवणारा अजिबात नाही, म्हणजे टीम खाली आलीच. तरी शेवटी 104 विजय, दुसऱ्या नंबरचे टोरंटो 15 मॅच मागे, आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, खिशात. साधं गणित करा, टीम अगदी सरासरी आहे असं धरा, पण सुरुवात 18-7 झाली. उरलेल्या 137 पैकी निम्म्या जिंकल्या तरी एकूण 86-87 होतात. 2023 मधे नॅशनल लीगमधे (दोन लीगपैकी एक) ॲरिझोना 84 वर आत गेली आणि थेट वर्ल्ड सिरीज खेळली.

मग पायरेट्सचं काय? 20-8 सुरुवात आणि शेवट 76-86, हे कोण नाकारतंय. पण त्यांच्या स्टार खेळाडूचा, ओनील क्रूझचा, घोटा 9 एप्रिललाच होम प्लेटवर स्लाइड करताना मोडला होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी ही टीम 100 मॅच हरलेली होती. 20-8 नंतर ते 56-78 खेळले, म्हणजे पूर्ण सीझनला जेमतेम 68 विजयांचा वेग. 76 पर्यंत गेले ते त्या एप्रिलमुळेच. मेसेजमधे हे पुरावा म्हणून देतात, नीट बघितलं तर उलटंच सांगतंय. (2019 चे मरिनर्स पण हमखास काढतात, 13-2 वरून 68-94. अहो त्यांनी त्या हिवाळ्यात कानो, डियाझ, पॅक्स्टन असे मोठे खेळाडू सगळे देऊन टाकले होते, टीम नव्याने बांधायला काढली होती, त्यांच्याकडून कोणाला अपेक्षा होती?)

तिसरा मुद्दा, लिंबूटिंबू टीम. हा मात्र मान्य. 2023 च्या रेजनी पहिल्या 13 मॅचमधे डेट्रॉइट, वॉशिंग्टन, ओकलंड आणि बॉस्टनला धुतलं आणि त्या चारही टीम शेवटी जिंकल्या त्यापेक्षा जास्त हरल्या, ओकलंड तर 112. पण नुसतं कोणाला हरवलं ते नाही, कसं हरवलं ते पण बघायला हवं. 13 मॅचमधे रेजचे 101 रन, समोरच्यांचे 30, पहिले नऊ विजय तर चार किंवा जास्त रननी. एकेक रनने नशिबाने जिंकलेली टीम असं करत नाही. त्यामुळे एप्रिलमधे मी विजयांच्या आधी रनांचा फरक बघतो, आणि शेड्यूल सोपं असेल तर त्यातलं थोडं मनातल्या मनात कापून टाकतो, बस.

चौथा, 13-0 होऊन मिळालं काय? 99 विजय मिळाले. डिव्हिजन बाल्टिमोरने 101 वर नेली आणि वाइल्ड कार्डमधे टेक्सासने दोन मॅचमधे घरी पाठवलं, तेच टेक्सास पुढे चॅम्पियन झालं. आता दोन मॅचच्या अपयशाचा दोष एप्रिलला कसा देणार? उलट खरी काळजीची गोष्ट एप्रिलमधेच दिसली होती, तिच्याकडे बघायचं राहिलं. 13 एप्रिलला, तेराव्या विजयाच्याच मॅचमधे, रेजचा पिचर (बॉल टाकणारा) जेफ्री स्प्रिंग्ज चौथ्या इनिंगमधे कोपर धरून बाहेर गेला. मग ड्रू रॅसमुसेन, मग ऑगस्टमधे शेन मॅक्लॅनहन, तिघांच्याही कोपराच्या सर्जऱ्या. स्टार्टिंग पिचर (मॅचची सुरुवात करणारे) असे गळाले की कुठलाही रेकॉर्ड पुरत नाही. तेव्हा घाबरायचंच असेल तर कोपरांना घाबरा.

1987 च्या मिलवॉकी ब्रुअर्सचं उदाहरण पण येतं, 13-0, मग मे महिन्यात सलग 12 पराभव, शेवटी 91 विजय आणि प्लेऑफ नाही. तेव्हा दोन्ही लीग मिळून फक्त चार टीम पुढे जायच्या हो! त्याच वर्षी मिनेसोटा 85 विजयांवर वर्ल्ड सिरीज जिंकली, कारण त्यांची डिव्हिजन दुबळी होती. 2022 पासून बारा टीम जातात.

आणि शेवटचं, आशा धरणारे भाबडे. मी वर्ल्ड सिरीजची तिकिटं काढा म्हणत नाहीये, 2025 च्या न्यूयॉर्क मेट्सनी ती हौस फेडलीये. 12 जूनला 45-24, सगळ्या बेसबॉलमधे एक नंबर, आणि मग 93 मॅचमधे 38-55, बघवत नव्हतं. मेसेजवाल्यांना तर आयतंच कोलीत. पण इतकं रद्दी खेळून सुद्धा 162 व्या मॅचच्या सकाळी मेट्स सुरुवातीच्या विजयांच्या जोरावर प्लेऑफच्या शर्यतीत जिवंत होते. सिनसिनाटी त्या दिवशी हरलीच होती, मेट्सनी मायामीला हरवलं असतं तर आत. हरले, दोघांचे 83-79 झाले आणि टायब्रेकर सिनसिनाटीकडे गेला.