थेंब आणि टॉस

२०२५च्या जूनच्या अखेरीस अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना एक कागद दिला. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, ताण घ्यायचा नाही. थेंब सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि रात्री आठ. थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून गप्प पडायचं.

कागद चांगला होता. फक्त इंग्लंडमध्ये कसोटी असली की आपल्याकडे बरोब्बर तीनला टॉस होतो, हे बिचाऱ्या डॉक्टरांना कोण सांगणार?

नवरा सकाळी ७.४८च्या लोकलने जातो, तो रात्री उगवतो. सासूबाईंचा हात थरथरतो. मी डोंबिवलीतून घरूनच काम करते, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी रिकामीच. तेव्हा थेंबांची जबाबदारी माझी. टीव्ही बंद ठेवल्यामुळे अंतिम अकरा वाचून दाखवायची जबाबदारीही माझीच. थेंब घालायला हिंमत लागत नाही. टीम सांगायला लागते.

कारण अप्पांचं बालपण दादरचं, आणि तरुणपण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गेलेलं. घरातल्या भिंतीवर आजोबांचा फोटो नाही, पण मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर, म्हणजे अप्पांचे 'पॅडी', यांचे ५८९ प्रथम श्रेणी बळी घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात अप्पांनी मला समोर बसवलं. मला वाटलं, घरचे कुलाचार सांगणार. ते म्हणाले, "७३ची रणजी फायनल. मद्रास. पॅडीचे आकडे ऐक. १६ धावांत ८, आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूवर मॅच खलास. आणि कसोट्या किती? शून्य!" शून्य म्हणताना त्यांचा आवाज असा चिरकला की मी उठून पाणी आणलं. भारतीय संघात आधीच असलेले डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदी आडवे आले हे खरं आणि बेदी थोर होते हेही अप्पा मानतात, पण तिकडे हरयाणाच्या राजिंदर गोयलांनी ७५० बळी घेतले, त्यांचंही तेच झालं. "दोघांना मिळून १,३०० च्या वर विकेट्स, आणि दोघांना मिळून एक टोपी नाही!"

तर २ जुलै, दुपारी तीन. एजबॅस्टन. लीड्सची पहिली कसोटी आपण हरलेलो. अप्पा आडवे, उशी काढलेली, मान मागे. मोबाइल माझ्या डाव्या हातात, बाटली उजव्या हातात, आणि लॅपटॉपवर आवाज बंद करून ठेवलेली मीटिंग.

पहिला थेंब नेमका पडला.

"टॉस?"

"स्टोक्सने जिंकला. आपली बॅटिंग. अप्पा, हलू नका."

"टीम वाच."

"जैस्वाल, राहुल, करुण नायर..."

"हं. तीनशे तीन नाबाद." हे त्यांनी डोळे मिटूनच म्हटलं. करुण नायरचं नाव आलं की आमच्याकडे हे बिरुद लावल्याशिवाय पुढे जात नाहीत. २०१६ साली चेन्नईत त्याने ३०३ केल्या आणि पुढच्याच कसोटीत तो संघाबाहेर. "नाबाद होता गं तो! इंग्लंडच्या बोलर्सना जो आउट करता आला नाही, त्याला आपल्या लोकांनी काढला!"

मी वाचत गेले. गिल, पंत, जडेजा, नितीश रेड्डी, वॉशिंग्टन सुंदर. दुसरा थेंब बाटलीच्या तोंडाशी येऊन लोंबत होता. आकाश दीप, सिराज, प्रसिद्ध कृष्णा.

"आणि बुमरा?"

"विश्रांती."

डोळा खाडकन उघडला आणि मान वळली. थेंब कानात गेला.

"आठवडाभर काय करत होता तो? सुट्टीच होती की मध्ये! आणि कुलदीप?"

"कुलदीप नाही. बॅटिंग डेप्थ हवी म्हणून."

'बॅटिंग डेप्थ', म्हणजे आठव्या नंबरपर्यंत बॅटिंग करणारे हवेत, हा शब्द अप्पांना कांद्यासारखा झोंबतो. यावर सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या की त्यात वाईट काय आहे, त्यासुद्धा प्रवासाला निघताना पुऱ्या, दशम्या, चिवडा, लाडू असं आठव्या नंबरपर्यंत नेतात. अप्पा म्हणाले, "आणि पाणी विसरतेस!" हे मात्र खरं आहे. कोल्हापूरच्या प्रवासात आम्ही चिवडा खाऊन कऱ्हाडपर्यंत कोरड्या घशाने गेलो होतो.

फिरकीपटू कुलदीप यादवचा हिशेब वेगळा आहे. २०२२ साली चट्टग्रामला त्याने आठ बळी घेतले, ४० धावा केल्या, सामनावीर झाला आणि पुढच्या कसोटीत त्याच्या जागी जयदेव उनाडकट खेळला. उनाडकटची ती दुसरी कसोटी. पहिली बारा वर्षांपूर्वी झालेली. "बारा वर्षं! माझा मोतीबिंदूसुद्धा त्याच्या आधी पिकला!"

तो दिवस अप्पांनी इतिहासात घालवला. डोळे मिटून पडलेला माणूस दुसरं करणार काय! माधव आपटे, वेस्ट इंडिजमध्ये पाच कसोट्यांत ४६० धावा, एकूण सरासरी ४९, आणि सात कसोट्यांनंतर पुन्हा कधी बोलावणं नाही. ५८-५९ साली पाच कसोट्यांना चार कप्तान. ३६ साली इंग्लंडमध्ये कप्तान असलेल्या विजयनगरमच्या महाराजकुमारांची टीम, आणि नाश्त्याच्या टेबलावर सी. के. नायडूंचा अपमान केला म्हणून बक्षिसादाखल बाका जिलानीला ओव्हलवर खेळवलं ही आख्यायिका. "निदान तेव्हा निकष तरी स्पष्ट होता," अप्पा म्हणाले.

माझी मीटिंग केव्हाच संपली होती. आवाज मात्र अधेमधे चालू झाला असावा. मॅनेजरचा मेसेज होता, "हू इज जिलानी?"

खरा वांधा पुढे झाला. आपण जिंकलो. गिलने २६९ आणि १६१ केल्या, बुमराच्या जागी आलेल्या आकाश दीपने दहा बळी घेतले. ३३६ धावांनी विजय, आणि तोही एजबॅस्टनवर, जिथे आपण आधी एकदाही जिंकलो नव्हतो. मी पेढे आणले. अप्पांनी अर्धाच खाल्ला. एखाद्याने लग्न मोडणार म्हणून छातीठोक सांगावं आणि जोडप्याने बारशाचं आमंत्रण द्यावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "जिंकले म्हणून निवड बरोबर ठरत नाही," एवढंच म्हणाले आणि रात्री आठचे थेंब मुकाट्याने घालून घेतले. माझं तेव्हाच पक्कं मत झालं की चुकीच्या टीमने हरण्यापेक्षा चुकीच्या टीमने जिंकणं अप्पांच्या डोळ्याला जास्त घातक आहे.

२ नोव्हेंबरला मात्र वेगळंच झालं. नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, मध्यरात्र उलटून गेली होती. पडद्यावर प्रशिक्षक अमोल मुझुमदार दिसला. हा तोच, सचिन-कांबळी शाळेत ६६४ची भागीदारी करत असताना पॅड बांधून बसून राहिलेला. पुढे अकरा हजारांवर प्रथम श्रेणी धावा करूनही भारताच्या टोपीची वाट पाहतच राहिला. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सुटले बघ पॅड." डोळा ओला होता. मी थेंबांच्या वेळा मनात मोजल्या. आठचे तर घालून झाले होते.

त्यानंतर आठवड्याने उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता मी तरबेज झाले होते. एका हाताने पापणी ओढायची, थेंब कोपऱ्यात सोडायचा, टीम नंतर सांगायची. १४ नोव्हेंबरला ईडनवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी सुरू झाली, तेव्हा मी पाचही मिनिटं तोंडातून शब्द काढला नाही. मग सांगितलं. चार फिरकीपटू, सहा डावखुरे आणि तिसऱ्या क्रमांकावर वॉशिंग्टन सुंदर.

"सहा डावखुरे? ही टीम आहे की आरसा?"

त्या सुंदरने पूर्ण सामन्यात एकच षटक टाकलं. १२४ करायच्या होत्या, आपण ९३वर आटोपलो, आणि त्यात सर्वाधिक ३१ कुणाच्या, तर सुंदरच्याच. अप्पांना कळेना की आता कुणावर ओरडायचं. मग मी चूक केली. मी हसले.

पुढची कसोटी गुवाहाटीला. तिथे सूर्य लवकर मावळतो म्हणून आधी चहा आणि मग जेवण ठेवलं होतं. सकाळी मी बाटली घ्यायला फ्रिज उघडला, तर बाटली नाही. ती नवऱ्याच्या हातात. शनिवार होता, त्याला सुट्टी. हा माणूस स्वतःच्या डोळ्यात गुलाबपाणी घालतानाही तोंड उघडतो.

"अप्पा, माझं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही," अप्पा मान मागे टाकत म्हणाले. "जरा बदल म्हणून."

"जवळजवळ दोन आठवडे, रोज चार वेळा, एक थेंब खाली सांडला नाही माझा!"

सासूबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "टीम कॉम्बिनेशन गं."

नवऱ्याने पहिला थेंब अप्पांच्या मिशीवर टाकला. मी दारात उभी राहून बघत होते. नाबाद.