काळ आला होता, म्हणे

विंचू उतरताना मी डोळ्यांनी पाहिलाय. महाडजवळच्या आमच्या वाडीत आई पडवीतली लाकडं काढायला गेली आणि बोटाला नांगी बसली. वाडीत विंचू उतरवणारे आप्पा धावत आले. निर्गुडीचा डहाळा खांद्यापासून खाली फिरवत पुटपुटायचे, मध्येच विचारायचे, "कुठवर आलं?" आई कण्हत सांगायची, "कोपरापर्यंत." मग मनगटापर्यंत. पहाटे तिचा डोळा लागला. कंदील माझ्या हातात होता. पुढे कित्येक वर्षं मंत्राला कुणी हसलं की माझं डोकं फिरायचं.

मग भातकापणीच्या दिवसांत वाडीतल्या सात वर्षांच्या पोराला लाल विंचू चावला. तोच डहाळा, तेच शब्द. पोराला दरदरून घाम, हातपाय गारठलेले, पहाटे तोंडातून गुलाबी फेस. गेलं ते. आप्पा ओटीवर बसून ढसाढसा रडले. त्यांनी आयुष्यात कधी कुणाकडून पैसा घेतला नव्हता, त्यांना लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोक म्हणाले, "काळ आला होता, मंत्र काय करणार?"

हे वाक्य माझ्या मनातून आजवर गेलेलं नाही. आई वाचली ती मंत्राने आणि पोर गेलं ते काळाने. मग काय घडलं असतं म्हणजे आपण म्हटलं असतं, की मंत्राचा उपयोग होत नाही?

काळ्या विंचवाने सहसा माणूस मरत नाही. लाल विंचवाचा दंशही प्रत्येकाच्या जिवावर बेतत नाही. ठणका काही तासांनी आपसूक ओसरतो. तेवढा वेळ जवळ जो बसला असेल, त्याला यश मिळतं.

त्याच मुलखात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. पुस्तकात या दंशावर नेमका इलाज नव्हता. ते रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसले; नाडी, रक्तदाब, घाम, सगळं टिपत गेले. त्यातून उलगडलं की विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. तो गुलाबी फेस म्हणजे तेच पाणी. मग त्यांनी रक्तदाबाची प्रेझोसिन ही साधी गोळी वापरून पाहिली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एकावर आलं. ही निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची पुढची गोष्ट. प्रेझोसिनने नाव मिळवून दिल्यावरही त्यांनी नुसतं प्रेझोसिन आणि प्रेझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष, अशी तुलना केली. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. प्रतिविष जोडलं तर माणूस लवकर बरा होतो, असं दिसलं आणि 2011 साली त्यांनी ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं. स्वतःच्या औषधाला असं तराजूत घालायला छाती लागते. आप्पांकडे माया होती, पण तराजू नव्हता.

म्हणून कुणी "मला गुण आला" म्हणालं, मग ते अंगाऱ्याबद्दल असो, काढ्याबद्दल असो की एखाद्या महागड्या इंजेक्शनबद्दल, मी विचारतो, ज्यांना आला नाही त्यांची नोंद कुणी ठेवलीय का? घरातलेही चिडतात या प्रश्नावर.

आई अजून म्हणते, आप्पांनीच उतरवला. मी म्हणतो, मग त्या पोराचं काय गं? ती बोलत नाही, पदराला हात पुसत बसते. पण गेल्या शिमग्यात शेजारच्या सुनेला विंचू चावला, तेव्हा दवाखान्यासाठी रिक्षा बोलवायला सगळ्यांच्या आधी तीच धावली.