कंपनी शंभरपट झाली, तुमचे पैसे नव्हे

बेळगाव-निपाणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. आपल्या भागातल्या एका म्युच्युअल फंड कंपनीकडची रक्कम म्हणे ३० वर्षांत १०० कोटींवरून १०,००० कोटींवर गेली. तेव्हा लाख टाकणारा आज करोडपती, आणि पिग्मी (रोज थोडी थोडी भरायची बचत ठेव) भरणारे बेळगावकर बसले हात चोळत. कंपनीचं नाव मात्र नाही. असो, आकडे घटकाभर खरे धरू.

‘लाखाचे कोटी झाले असते.’ कसे? कंपनीकडची रक्कम बाजार चढल्याने वाढते, तशी नवे लोक नवे पैसे आणतात म्हणूनही वाढते. कधी दुसऱ्याच्या योजनाच घेतल्या जातात. फिडेलिटी या फंड कंपनीच्या योजना २०१२ मध्ये एल अँड टीच्या फंड कंपनीकडे गेल्या, २०२२ मध्ये एल अँड टीचा म्युच्युअल फंडांचा सगळा कारभार एचएसबीसीकडे. घेणाऱ्याचा आकडा एका दिवसात फुगला. आधीच्या गुंतवणूकदाराला त्यातून दमडी मिळाली नाही. लाखाचे ३० वर्षांत कोटी व्हायला दरसाल १६.६ टक्के चक्रवाढ लागते. १२ टक्क्यांनी ३० लाख होतात, आणि खर्चापोटी वर्षाला एक टक्का कापला गेला तर जेमतेम २३ लाख. फी जमा रकमेवर टक्क्याने घेतात, त्यामुळे फुगलेल्या आकड्याचा आनंद कंपनीने करावा. आपण योजनेची एनएव्ही, म्हणजे तिच्या एका युनिटचं मूल्य, बघावी.

‘एवढी जुनी कंपनी बुडत नाही.’ युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया या फंड संस्थेची यूएस-६४ योजना १९६४ ची, पाठीशी सरकार. तरी जुलै २००१ मध्ये युनिटांची विक्री आणि परतखरेदी थांबली. शिवाय फंडातले पैसे कंपनीचे नसतातच. ते विश्वस्तांच्या नावे, त्यातून घेतलेले शेअर-रोखे कस्टोडियनकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडे. कंपनी बुडाली म्हणून ते बुडत नाहीत, आणि कंपनी ठणठणीत असूनही बाजार पडला की घटतात.

‘पिग्मीवाले मागे राहिले.’ ही तुलनाच खोडसाळ. पुढे सिंडिकेट बँक झालेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ मध्ये पिग्मी सुरू केली ती रोजच्या गल्ल्यातून चार पैसे बाजूला पडावेत म्हणून. खडेबाजारातल्या दुकानदाराला ते दिवाळीचा माल भरायला हवे असतात, ३० वर्षांनी नव्हे.

सगळ्यात घातक ओळ शेवटची: ‘उरलेले सोसायटीत ठेवा, पाच लाखांचा विमा आहेच.’ नाही. फेब्रुवारी २०२० पासूनचा हा पाच लाखांचा विमा बँकांतल्या ठेवींना आहे, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या. सौहार्द सोसायटी (कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी कायद्याखालची), पतसंस्था, मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी) क्रेडिट सोसायटी यांच्या ठेवींना तो लागू नाही, मग पाटी कितीही चकचकीत असो.