ब्राउन ट्राउटची मनधरणी

रविवारची झोप सोडून, अंगावर स्वेटरवर स्वेटर आणि त्यावर लाइफ जॅकेट चढवून, आडव्या वाऱ्यात बोटीत बसून दिवसभर हात हलवायचे आणि वर त्याचे पैसेही आपणच भरायचे, याला इकडे इंग्लंडात छंद म्हणतात. मला त्यात ओढलं ऑफिसातल्या एका सिनियरने. मी मालवणचा आहे हे कळल्यापासून त्याने ठरवूनच टाकलं होतं की हा जन्मजात मच्छीमार. मी बाजारातून मासे आणणाऱ्यांपैकी आहे हे सांगायचा चान्सच मिळाला नाही.

जागा रटलंड वॉटर. १९७० च्या दशकातलं धरण, पाण्याचा पसारा ३,१०० एकरच्या आसपास, क्षेत्रफळात इंग्लंडमधला सगळ्यात मोठा जलाशय. धरण म्हटलं की गाव बुडणं आलंच, इथे नेदर हॅम्बल्टन गेलं. आता एवढ्या पाण्यात ट्राउट नावाचे मासे, दोन जातींचे. रेनबो हा अमेरिकेतून आणलेला, बिनधास्त, समोर दिसेल त्याला तोंड लावणारा. आणि ब्राउन हा इथला घरचा, म्हणजे मांडवात रुसून बसलेला जावईच, खाली तळाशी नाहीतर धरणाच्या भिंतीजवळ काळोखात जाऊन बसणार आणि कितीही विनवण्या केल्या तरी ताटावर येणार नाही. इथल्या मंडळींना अर्थात तोच हवा असतो. रेनबो लागला की 'अच्छा, छान' एवढंच म्हणतात, सत्यनारायणाला आलेल्या चुलत पाहुण्याला म्हणतात तसं.

बरं, आमच्याकडे खाडीवर गरीला सुंगट, म्हणजे कोळंबी, लावलं की निदान माशाला काहीतरी खायला तरी मिळतं. इथे आमिष बंद, फक्त फ्लाय, म्हणजे हुकला दोरा-पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. या किड्याला वजनच नसतं त्यामुळे तो फेकता येत नाही, फेकायची असते ती काठीची जाड दोरी, म्हणजे लाइन, आणि किडा तिच्या मागे आपसूक जातो. काठी घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्ये हलवायची, मागे नेली की थांबायचं, लाइन मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे. हे सगळं बिनवाऱ्याच्या लॉनवर मस्त जमतं. बोटीत मात्र उजवीकडून वारा आला की किडा पुढे जायच्या ऐवजी थेट माझ्या कानात. सिनियर शांतपणे म्हणाला, बरं झालं, मी हुकच्या टोकाचा उलटा काटा आधीच चेपून ठेवलाय, आणि नायलॉनचा फास हुकच्या वळणात अडकवून, दांडी खाली दाबून, फटकन ओढून काढला. मला विचारलंसुद्धा नाही. चष्मा आणि टोपी कशासाठी कंपल्सरी म्हणतात ते तिथे कळलं.

वारा पडला की बझर येतात. हे चिलटासारखे किडे, चावत नाहीत, पण ढगासारखे येऊन नाकात, चहात, सँडविचमध्ये शिरतात. ट्राउट खातो ते यांचे कोष, पाण्यातून हळूहळू वर येत असताना. म्हणून आपणही आपला खोटा कोष तितक्याच हळू ओढायचा, लाइन बोटांवर इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळत, इतकं हळू की मला मध्येच डुलकी लागली आणि नेमका तेव्हाच मासा लागला.

रेनबो. (अच्छा, छान.)

त्याला मारून झाल्यावर सिनियरने खिशातून एक लांब बारीक चमचा काढला आणि माशाच्या घशात घालून त्याच्या पोटातला माल बाहेर ओढला. मी म्हटलं हे काय, पोस्टमॉर्टेम? तर म्हणे आज काय खातायत ते कळायला नको? आत नुसता हिरवट चिखल. डॅफ्निया, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे पाण्यातले जीव. तो खूश, लगेच त्याने भडक केशरी गोंड्यासारखा एक फ्लाय बांधला, त्याला ब्लॉब म्हणतात. टाचणीच्या डोक्याशी त्याचं काय साम्य हे विचारल्यावर म्हणाला, काहीच नाही, पण डॅफ्निया खाणाऱ्या माशांना केशरी आवडतं. आणि लागला की हो! काठी वाकली, लाइन सुळकन खाली गेली आणि बऱ्याच झटापटीनंतर जाळ्यात आला तो ब्राउन, पिवळसर पोट, अंगभर काळे-लाल ठिपके. सिनियरचा चेहरा बघण्यासारखा होता. फोटो काढला आणि दिला परत पाण्यात सोडून.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. लायसन्स वेगळं, तळ्याचं तिकीट वेगळं, बोटीचं भाडं वेगळं, इथपर्यंत तिने शांतपणे ऐकलं.

"आणि तो मोठो मासो? त्याचा काय केल्यात?"

"सोडला त्याने."

"सोडल्यान? डोक्यार पडलो काय तो?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुझ्या कानाक धनुर्वाताचा इंजेक्शन घेतलंस मां रे झिला?"

ते राहिलंच होतं.