"15 चं रिम, 195 चा टायर, सगळ्या गाडीला बसतंय" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या कोल्हापुरात ज्याच्याकडं छोटी गाडी आहे त्याच्या मोबाईलवर हा मेसेज येऊन पडलेलाच आहे, कुणाला मेव्हण्याकडनं तर कुणाला गल्लीच्या ग्रुपवरनं. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कंपन्या पैसे वाचवायला बेस मॉडेलला बारीक टायर देतात, ते काढून टाका, 15 चं रिम आणि 195/65 टायर टाका, ग्रिप डबल, गाडी उंच, मायलेज जास्त. टायरवर 51 पीएसआय छापलेलं असतंय तेवढी हवा मारा, पंपवाला 32 मारून फसवतोय. स्विफ्टपासनं वॅगनआरपर्यंत सगळ्याला बसतंय, आरटीओ इन्शुरन्स कोण विचारत नाही. आणि शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मी पाठवलं नाही, त्याऐवजी हे लिहितोय.

सुरुवात "सगळ्याला बसतंय" पासनं करू कारण बाकी सगळं ह्याच्यावरच उभं आहे आणि हेच सगळ्यात खोटं आहे. टायरवरचा नंबर वाचायला दोन मिनिटं लागतात. समजा 165/80 R14 85T. 165 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 80 म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 132 मिमी, R म्हणजे रेडियल, 14 हे रिमचं माप इंचात. 85 हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर 515 किलो पेलतो, आणि T म्हणजे ताशी 190 पर्यंत चालतो. आता आख्ख्या चाकाची उंची काढायची तर रिम 355.6 मिमी आणि वर-खाली दोन साइडवॉल 264, झालं 619.6. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला हाच टायर येतो. वरच्या मॉडेलला 185/65 R15 येतो, त्याचा हिशोब केला की 621.5 येतं. रिम एक इंचानं मोठं, टायर 20 मिमीनं रुंद, आणि चाकाची उंची जवळजवळ तेवढीच, दोन मिमीचासुद्धा फरक नाही. हे योगायोगानं झालेलं नाही, कंपनीनं बसून जुळवलेलं आहे, कारण स्पीडोमीटर, गिअर, एबीएस, मडगार्डच्या आतली जागा, सगळं त्या उंचीवर बेतलेलं असतंय.

आता मेसेजवाल्याचा 195/65 R15 घ्या. 634.5 मिमी. स्विफ्टच्या 14 च्या चाकापेक्षा 15 मिमीनं उंच, म्हणजे साधारण 2.4 टक्के. तेवढं एक वेळ खपेल म्हणा. पण तोच टायर वॅगनआरच्या बेस मॉडेलला, जिला 155/80 R13 येतोय, तिला लावायचा म्हणजे 578 ची जागा 634 घेणार. जवळजवळ दहा टक्के! मीटरवर 80 दिसतंय तेव्हा तुम्ही 88 च्या आसपास पळताय, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिक लायनरला घासायला लागणार. कुणी असं केलेलं असेल तर चाक पूर्ण वळवून मोबाईलचा टॉर्च आत मारून बघा, लायनरचा एक पट्टा काळा आणि चकचकीत झालेला दिसेल, ती सगळी घासल्याची खूण.

दुसरी गोष्ट मेसेजमध्ये नावालाही नाही, ती म्हणजे रिमची रुंदी. टायर नुसता 15 चा असून चालत नाही, रिम किती रुंद आहे तेही बघावं लागतं. 195/65 ला कमीत कमी साडेपाच इंच रुंदीचं रिम लागतंय. भंगारातनं नाहीतर ओळखीच्या मित्राकडनं स्वस्तात मिळालेलं 5J चं, म्हणजे पाच इंच रुंदीचं, रिम असलं तर त्याच्यावर हा टायर चढतो, चढत नाही असं नाही, पण दोन्ही बाजूंनी आवळला जातो, मधला भाग फुगतो आणि तिथंच झिजतो. वर परत नटांच्या भोकांचं माप, स्विफ्टला 4×100 आहे, म्हणजे चार भोकं 100 मिमीच्या वर्तुळावर, मधल्या भोकाचा व्यास, आणि ऑफसेट, म्हणजे चाक बसायची जागा रिमच्या मध्यापासनं किती आत-बाहेर आहे ते. ऑफसेट चुकलं की चाक मडगार्डच्या बाहेर येतंय, बघायला लई भारी दिसतंय आणि बेअरिंगची वाट लागते.

आता ग्रिप. हा मुद्दा लोकांना पटकन पटतो कारण डोळ्याला दिसतोय ना, रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर. पण तसं नसतंय. टायरचा किती भाग जमिनीला टेकतो हे ढोबळमानानं त्या चाकावरचं वजन आणि आतली हवा ह्यावर ठरतं. स्विफ्टसारख्या गाडीत ड्रायव्हर धरून पुढच्या एका चाकावर 290 किलोच्या आसपास वजन येतंय, हवा 32 पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो, भागाकार केला की 130 चौरस सेंमीच्या आसपास. तुम्ही 165 लावा नाहीतर 195 लावा, तो आकडा फार हलत नाही, आकार तेवढा बदलतो, अरुंद टायरचा ठसा लांबट पडतो आणि रुंद टायरचा आडवा. वळणावर आडव्या ठशाचा फायदा होतो, ते मी नाकारत नाही, स्टेअरिंग पण जरा टणक लागतंय. पण "डबल" कुठनं आली?

पावसात तर उलटंच आहे. आणि आपल्याकडं पाऊस म्हणजे काय ते गगनबावड्याकडं जुलैत जाऊन आलेल्याला सांगायला नको. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना टायरनं ते पाणी बाजूला ढकलायचं असतंय, आणि जेवढा रुंद टायर तेवढं जास्त पाणी ढकलायचं. गाडी हलकी, टायर रुंद, वेग 90-100, असं झालं की टायर पाण्यावर तरंगायला लागतो, किणी टोलनाक्यापासनं कागलपर्यंत हायवेला चाकोरीत पाणी साठलेलं असतं तिथं स्टेअरिंग एकदम हलकं लागायला लागलं तर समजायचं की तुमचा आणि रस्त्याचा संबंध तुटला. ह्याच्यावर इलाज तीनच, टायरच्या खाचा खोल असणं, हवा बरोबर असणं आणि ॲक्सिलरेटरवरनं पाय उचलणं. कायद्यानं चारचाकीला खाच कमीत कमी 1.6 मिमी पाहिजे, टायरच्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात, झीज तिथपर्यंत पोचली की टायर बाद. पण पावसाळ्यात तेवढी वाट बघू नये, जूनच्या आधीच बदलावा. झिजून गोटा झालेला 195 आणि नवा 165 ह्यात ओल्या रस्त्यावर कोण थांबणार हे विचारायची पण गरज नाही. ग्रिपच पाहिजे असेल तर जास्तीचे पैसे त्याच मापाच्या चांगल्या टायरवर घाला, रबराची क्वालिटी रुंदीपेक्षा जास्त काम करते.

गाडी उंच होते म्हणे. चाक 15 मिमीनं उंच झालं तर गाडी त्याच्या निम्मी वर उचलते, साडेसात मिमी. चार माणसं आणि मागं दोन पोती तांदूळ टाकला की सस्पेन्शन त्याच्या कितीतरी पट खाली बसतंय. राजारामपुरीतल्या एखाद्या स्पीडब्रेकरला तुमची गाडी खालनं घासत असेल तर साडेसात मिमीनं ती घासायची थांबणार नाही. आणि बरोबर माप घेतलं, म्हणजे उंची तेवढीच ठेवून रिम मोठं केलं, तर उंची वाढणारच नाही, कमी काय होणार तर रबर. 132 मिमीचा साइडवॉल 15 ला 120 होतो, आणि कुणी हौसेनं 195/55 R16 वर गेला की 107. तो एक इंच रबर म्हणजे खड्डा झेलायची जागा होती, ती तुम्ही पैसे देऊन काढून टाकली. हायवेच्या सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनला रात्रीचा एखादा धारदार कडेचा खड्डा लागला की रिमची कड आणि रस्ता ह्यांच्यामध्ये साइडवॉल चिमटतो, आतले दोरे तुटतात, आणि दोन दिवसांनी बाजूला अंड्याएवढा फुगा आलेला दिसतो. त्या फुग्याला कुठलाही पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर फेकायचा. लोखंडी रिम वाकलं तर ठोकून सरळ तरी होतं, अलॉय तडकलं की त्याला वेल्डिंग करून फिरणारे आहेत, मी त्यांच्या गाडीत बसत नाही.

ह्या 16 च्या हौसेत आणखी एक गंमत आहे. 185/65 R15 चा लोड इंडेक्स 88, म्हणजे 560 किलो. जास्त रुंद 195/55 R16 चा साधा टायर 87, म्हणजे 545. रुंद झाला आणि वजन पेलायची ताकद कमी झाली, कारण आतली हवेची जागा घटली. वरच्या मॉडेलला जेवढा लोड इंडेक्स आहे त्याच्याखाली जायचं नाही, दुकानदार काहीही म्हणू दे.

मायलेजचं गणित मेसेजमध्ये असं मांडलंय की चाक मोठं, फेरे कमी, पेट्रोल कमी. अर्धं खरं आहे, सपाट हायवेला एका वेगानं गेला तर इंजिनचे फेरे दोनेक टक्क्यांनी घटतात. पण टायर जड आहे, दुकानात 165 आणि 195 दोन्ही एकेका हातात उचलून बघा म्हणजे कळेल, तो प्रत्येक सिग्नलला नव्यानं फिरवायचा. पन्हाळ्याच्या चढाला जिथं तिसऱ्यावर जात होता तिथं कधी कधी दुसरा टाकायला लागणार. वर परत किलोमीटर कमी पडणार, कारण मीटर चाकाचे फेरे मोजतोय, म्हणून खरं मायलेज तेवढंच असलं तरी तुमच्या वहीत 20 च्या जागी साडेएकोणीस दिसणार. लोक मग पेट्रोलपंपाला शिव्या घालतात.

51 पीएसआयचं तर डोकंच फिरवणारं आहे. तो आकडा टायर जास्तीत जास्त किती सहन करतो त्याचा आहे, तुमच्या गाडीला किती पाहिजे त्याचा नाही. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे तिथं असतो, छोट्या गाड्यांना साधारण 30 च्या आसपास, सामान भरलेलं असताना मागं थोडी जास्त. सकाळी टायर थंड असताना बघायची. 51 भरून गेला तर टायर मधल्या पट्ट्यावरच टेकणार, ब्रेकला गाडी सरकणार, आणि प्रत्येक खडा कमरेला कळणार.

कंपनी पैसे वाचवते, हे मात्र खरं आहे आणि ते कबूल करायला मला काही अडचण नाही. बेसला 14 चं लोखंडी रिम दिलं की खर्च वाचतो, मायलेजचा आकडा पण जरा बरा येतो. पण बारीक टायर म्हणजे धोक्याचा टायर असं त्याच्यातनं निघत नाही. अपग्रेड करायचंच असेल तर एकच सरळ वाट आहे, आपल्याच गाडीच्या, त्याच पिढीच्या वरच्या मॉडेलचं माप बघायचं, रिम आणि टायर दोन्ही तेच घ्यायचे. वॅगनआरवाल्याला 165/70 R14, स्विफ्टवाल्याला 185/65 R15. इन्शुरन्सचा प्रश्न पण तिथंच बराचसा मिटतो, फक्त बाहेरनं घेतलेले अलॉय पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून लिहून घ्या, प्रीमियम थोडा वाढेल, पण नाही लिहिले तर चोरीला गेल्यावर त्याचा रुपया मिळणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ स्पेसिफिकेशन बदलण्याबद्दलच आहे, त्यामुळं "कोण विचारत नाही" हे ॲक्सिडेंट होईपर्यंतच.

राहिली स्टेपनी, जिचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. ज्यांनी आधीच 195/65 टाकून घेतलेत आणि डिकीत जुनं 165/80 R14 पडलंय, त्यांना पुढं पंक्चर झालं तर ते स्टेपनीचं चाक पुढं लावू नका. पुढच्या दोन चाकांत 15 मिमीचा फरक पडला की गाडी एका बाजूला ओढते आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, सतत फिरत राहतं. मागचं एक चांगलं चाक काढून पुढं घ्यायचं, स्टेपनी मागं लावायची, आणि हळू जाऊन पहिलं दुकान गाठायचं. आणि पुढच्या वेळी टायर घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा, 2324 असेल तर 2024 च्या 23 व्या आठवड्यातला टायर आहे. "स्कीममध्ये आहे दादा" म्हणून जो टायर पुढं सरकवला जातो त्याच्यावर ते आकडे बहुतेक भिंतीकडच्या बाजूलाच असतात, उलटा करायला सांगायचं.